समुद्री जीवांत क्षयरोगाचे औषध शोधताना या चुका टाळा

क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळाले आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्याच औषधाचे मूळही मातीतल्याच जिवाणूत आहे. त्यामुळे माती धुंडाळून झाल्यावर संशोधकांची नजर समुद्राकडे वळणे साहजिकच होते. स्पंज, मऊ प्रवाळ, समुद्री पंखे (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ) आणि तळाच्या गाळातील ॲक्टिनोमायसिटीस गटातले जिवाणू यांच्यापासून क्षयाच्या जंतूला रोखणारी अनेक संयुगे वेगळी करण्यात आली आहेत. तरीही त्यांतील बहुतेकांची वाटचाल पहिल्या शोधनिबंधापाशीच थांबते. याचा दोष क्वचितच समुद्राकडे जातो. नमुना कसा आणला आणि चाचणीला नेमका कोणता प्रश्न विचारला, इथेच बहुधा गडबड झालेली असते.

नमुन्याचा विषय थोडक्यात आटोपता येईल. ओहोटीला खडकावरून काढलेला स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीच्या फळीवर उन्हात ठेवला, तर किनाऱ्याला लागेपर्यंत तो कुजू लागतो आणि पुढे आपण स्पंजाचा नव्हे, कुजवणाऱ्या जिवाणूंचा अर्क काढत बसतो. नमुना काढल्याबरोबर बर्फात ठेवावा, त्याचा जागेवरच फोटो घ्यावा, खोली आणि अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ओळख पटवण्यासाठी एक तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवावा. वाळलेल्या स्पंजाचे नाव नंतर तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. परवानगी मात्र आधीच घ्यावी लागते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, समुद्री पंखे आणि दगडी प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि परदेशी सहकारी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती घ्यावी लागते.

खरी मोठी चूक जंतूच्या निवडीत होते. मायकोबॅक्टेरियम स्मेग्माटिस हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद निरुपद्रवी असून तीन-चार तासांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि त्याच्यासाठी बीएसएल-३ दर्जाची, म्हणजे घातक जंतूंसाठी कडक सुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते. म्हणून अनेक जण स्मेग्माटिसवर अर्क तपासतात आणि शीर्षकात बिनदिक्कत ‘क्षयरोगविरोधी’ असे लिहितात. आयसोनियाझिड हे क्षयावरचे मुख्य औषध स्मेग्माटिसवर फारच दुबळे ठरते, म्हणजे केवळ याच चाळणीवर विसंबलो असतो तर ते आपल्या हातून निसटले असते. अर्थात, बेडाक्विलिन या क्षयावरच्या औषधाचा शोध स्मेग्माटिसवरच्या चाळणीतूनच लागला, तेव्हा ही चाळणी निरुपयोगी आहे असे नाही. पहिल्या फेरीसाठी ती जरूर वापरावी, पण निष्कर्ष क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या प्रमाण वाणावर पडताळल्याशिवाय काढू नये. ज्यांच्याकडे तशी सोय नाही, त्यांनी रोगकारक नसलेला एच३७आरए वाण वापरणे हा प्रामाणिक मधला मार्ग आहे.

त्यानंतर येते रेझाझुरिन या रंगद्रव्याची प्लेट. नव्या विद्यार्थ्याची सर्वाधिक फसगत इथेच होते. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये जंतू आणि अर्क आठवडाभर उबवून निळे रेझाझुरिन घालतात. जंतू जिवंत असतील तर रंग गुलाबी होतो, मेले असतील किंवा वाढले नसतील तर तो निळाच राहतो. वाचायला हे सोपे वाटते, पण अनेक स्पंजांचे अर्क मुळातच विटकरी, पिवळे किंवा जांभळे असतात, त्यामुळे खळग्यातला रंग नेमका कशाचा आहे हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय अर्कातील फेनॉलसारखी द्रव्ये स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करू शकतात. तसे झाले की चांगला अर्कही निकामी ठरून फेकला जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक अर्कासाठी जंतू न घालता केवळ माध्यम (जंतू वाढवण्याचे पोषक द्रव), अर्क आणि रेझाझुरिन असलेला एक खळगा ठेवावा. तो गुलाबी झाला तर त्या अर्कासाठी ही चाचणी बाद समजून वसाहती मोजण्याची जुनी, कंटाळवाणी पद्धत धरावी. कडेच्या खळग्यांतले पाणी आठवडाभरात उडून जाते आणि तिथे अर्काची तीव्रता वाढते, म्हणून कडेच्या ओळींत निर्जंतुक पाणीच भरावे. अर्कात उरलेले समुद्राचे मीठही जंतूची वाढ रोखू शकते. ते आधी काढून टाकावे आणि डीएमएसओचा, म्हणजे अर्क विरघळवणाऱ्या द्रावकाचा, अर्क नसलेला नियंत्रण खळगा कधीही वगळू नये.

माध्यमातही सापळे असतात. क्षयाचा जंतू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमात ग्लिसरॉल असते. पिरिमिडीन-इमिडाझोल गटातील संयुगे अशा माध्यमात उत्तम काम करताना दिसली, पण उंदरांमध्ये त्यांचा काहीच परिणाम झाला नाही. ती जंतूला ग्लिसरॉल असतानाच मारत होती, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट झाले. म्हणून आशादायक संयुग ग्लिसरॉल नसलेल्या माध्यमात पुन्हा तपासावे. माध्यमातील अल्ब्युमिन तेलकट संयुगांना बांधून ठेवते, हेही लक्षात असू द्यावे. अल्ब्युमिन घातल्यावर ज्याचा परिणाम नाहीसा होतो ते बरेचदा साधे मेदाम्ल निघते.

मंझामाइन ए हे संयुग १९८६ साली ओकिनावाच्या स्पंजातून मिळाले आणि ते दर मिलिलिटरला सुमारे दीड मायक्रोग्रॅम इतक्या कमी तीव्रतेला क्षयाचा जंतू रोखते. आकडा आकर्षक आहे, परंतु या संयुगाची पहिली ओळखच कर्करोगाच्या पेशी मारणारे म्हणून झाली होती. सस्तन प्राण्यांच्या पेशी आणि जंतू यांना मारणाऱ्या तीव्रतांचे गुणोत्तर दहाच्या आत असेल, तर जंतू मेल्याचा आनंद करण्यात अर्थ नाही. व्हेरो पेशींवरची (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरची) चाचणी शेवटी नव्हे, अर्काच्या टप्प्यावरच लावावी.

रचनेबाबतही घाई नको. कॅरिबियन समुद्री पंख्यातून मिळालेल्या स्यूडोप्टेरोक्झाझोलची त्रिमितीय रचना प्रथम चुकीची मांडली गेली आणि प्रयोगशाळेतील संश्लेषणानंतर ती दुरुस्त करावी लागली. जुनेच संयुग नव्याने ‘शोधण्यात’ वर्ष घालवण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच वस्तुमान-वर्णपट (रेणूच्या वजनावरून पटणारी ओळख) घेऊन ज्ञात संयुगांच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहणे स्वस्त पडते.

शेवटचा प्रश्न पुरवठ्याचा. हॅलिकॉन्ड्रिन बी या कर्करोगविरोधी संयुगासाठी न्यूझीलंडजवळच्या समुद्रातून काढलेल्या एक टन स्पंजातून सुमारे ३०० मिलिग्रॅम माल मिळाला होता. क्षयाचे उपचार महिनोन्महिने चालतात, तेव्हा असा हिशेब कोणत्याही किनाऱ्याला परवडणारा नाही. याउलट सायक्लोमरिन ए हे क्षयजंतूच्या ClpC1 या प्रथिनावर मारा करणारे संयुग समुद्री स्ट्रेप्टोमायसिसचे, म्हणजे टाकीत वाढवता येणाऱ्या जिवाणूचे आहे. म्हणून आणलेल्या स्पंजातून आणि गाळातून जिवाणू वेगळे करण्याचा प्रयत्न पहिल्याच दिवशी सुरू करावा. माध्यम नळाच्या पाण्यात न बनवता समुद्राच्या पाण्यात बनवावे, कारण सॅलिनिस्पोरासारखे जिवाणू त्याशिवाय वाढत नाहीत. तीन दिवसांत पेट्री डिश फेकून न देता सहा आठवडे थांबावे. मिळालेला प्रत्येक वाण पुनःपुन्हा उपवाढ करण्याआधीच (म्हणजे नव्या माध्यमात पुन्हा वाढवण्याआधीच) उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये साठवावा, शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, कारण चार-पाच उपवाढींनंतर संयुग बनवायचे विसरलेला वाण पुन्हा मूळ पदावर आणण्याचा दुसरा मार्ग सहसा हाती उरत नाही.