अपुऱ्या दिवसांचं बाळ : काचेबाहेर थांबण्याची चूक टाळा

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलं आणि नवजात कक्षात गेलं, की घरचे काचेबाहेर थांबतात. "सिस्टर आहेत ना, त्या बघतील." आम्ही बघतोच. पण घरी गेल्यावर पहिल्या रात्री बाळाजवळ तुम्हीच असणार. म्हणून सगळं आमच्यासमोर स्वतःच्या हातांनी करून शिका. नुसतं ऐकलेलं घरी आठवत नाही.

कांगारू पद्धतीत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ऊब देताना, होणारी चूक म्हणजे बाळाला दहा मिनिटं छातीशी धरून परत ठेवून देणं. एका वेळी निदान तासभर तरी धरा. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. टोपी, लंगोट, मोजे एवढंच घालून बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर. मान पुढे दुमडली तर श्वास अडतो. सिझेरियनमुळे आईला बसवत नसेल तर बाबांनी किंवा आजीने धरावं.

पाय गार पण पोट गरम असेल तर ऊब कमी पडते आहे, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, बाळ मलूल झालं, दूध ओढेना किंवा श्वास घेताना छातीत खड्डे पडू लागले, तर छातीशी धरूनच दवाखान्यात आणा.

"दूधच येत नाही" म्हणून हात आखडू नका. चिकाचे चार थेंबही आम्हाला हवे असतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहा. बोंडल्याने पाजताना बाळाला आडवं पाडून घशात ओतू नका. डोकं उंच ठेवा, ओठांच्या कडेला थेंब सोडा आणि तो गिळेपर्यंत थांबा. मध, घुटी अजिबात नको.

आणि "आठव्यातलं टिकत नाही" असं आईच्या कानावर घालू नका. ते खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

सगळ्यात महागात पडते ती डोळ्यांची तपासणी चुकवणं. बाळ टकमक बघतं, म्हणून लोक येत नाहीत. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतील तर ते बाहेरून दिसत नाही, आणि पडदा सुटल्यावर गेलेली नजर सहसा परत येत नाही. ३४ आठवड्यांआधीच्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख दिसली नाही, तर कार्ड घेऊन पुन्हा आत या आणि आम्हाला लिहायला लावा.