परत बांगलादेशला निघताय? आधी एक कागद लिहा

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आंदोलन पेटलं आणि नेटच बंद झालं. नंबर सगळे व्हॉट्सॲपमध्ये! जळगाव-धुळ्याच्या ज्या पोरांना एमबीबीएससाठी तिकडे परत जायचंय, त्यांनी भुसावळला हावड्याची गाडी धरण्याआधी एवढं करावं.

१. एका कागदावर ठळक अक्षरात लिहा: भारतीय उच्चायोगाचा आपत्कालीन नंबर (अधिकृत साइटवरूनच घ्या, फॉरवर्डमधला नको), होस्टेल, दोन वर्गमित्र, घर. खाली आपल्याला सोयीचं सीमेवरचं चेकपोस्ट. ढाक्याहून आखाउडा-आगरतळा, पश्चिमेकडे असाल तर दर्शना-गेदे किंवा बेनापोल-पेट्रापोल. बॉलपेननेच लिहा, पावसात शाईचा चिखल होतो. एक प्रत आईकडे द्या, ती बरोबर फ्रिजवर चिकटवते.

२. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र यांच्या झेरॉक्स. व्हिसा सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेश) असेल आणि त्यावर तुम्ही तिकडे एकदा जाऊन आला असाल, तर तिकिटाचे पैसे पाण्यात. हे आधी बघा.

३. सुट्या नोटा. नेट गेलं की मोबाइल पेमेंटचा उपयोग नाही, आणि रिक्षावाला मोठी नोट घेत नाही.

मूळ पासपोर्ट मात्र एजंटाकडे ठेवू नका, ‘सांभाळतो’ म्हणाला तरी.