फ्लोराइडचा फिल्टर: दाणे कधी आणि कसे धुवायचे

ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, त्याचं गावात कौतुक असतं. फ्लोराइड तपासायला मी नमुना आधी त्याच बोअरचा घेते. चंद्रपूर-यवतमाळ भागात अशा मऊ पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. कॅल्शियम असतं तर त्यानं फ्लोराइडला धरून खाली बसवलं असतं; ते नाही, म्हणून फ्लोराइड पाण्यातच राहतं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. पाणी उकळून काही होत नाही. वाफ जाते, फ्लोराइड मागे राहून उलट दाट होतं.

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर सांभाळणाऱ्या जलसुरक्षकांना मी पहिल्यांदा दाणा हातात देते. पांढरा, खरबरीत, आतून सच्छिद्र. त्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्काकडे याचं माप; 7 म्हणजे मधोमध) साधारण 8 ते 9 च्या खाली असला की त्या पृष्ठभागावर धनभार येतो आणि ऋणभारित फ्लोराइड तिकडे ओढलं जातं. पण नुसतं ओढलं जाऊन भागत नाही. फ्लोराइड हायड्रॉक्सिलला उठवून त्याच्या जागी थेट अ‍ॅल्युमिनियमला जाऊन बसतं. क्लोराइडला हे जमत नाही, ते बाहेरच घुटमळतं. म्हणून पाणी थोडं खारट असलं तरी फिल्टर चालतो.

बायकार्बोनेटवाल्या पाण्यात मात्र तो लवकर थकतो. सामू वर, म्हणजे धनभार कमी, शिवाय जागेसाठी भांडायला हायड्रॉक्साइडही हजर. दाणे सगळ्यात चांगले चालतात ते सामू 5.5 ते 6 ला. म्हणून नुसतं फ्लोराइड मोजू नका, सामू आणि अल्कताही (पाण्यात बायकार्बोनेटसारखे अल्क किती, ते) वहीत लिहा. ‘मॅडम, लिंबू पिळलं तर?’ हा प्रश्न ठरलेला. नको. लिंबातलं सायट्रेट स्वतःच त्या जागा अडवतं, वर दाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात ओढतं.

फिल्टरमधून येणाऱ्या पाण्याची किटने नियमित तपासणी करा. फ्लोराइड 1 च्या वर सरकायला लागलं की दाणे धुवायची वेळ झाली.

दाणे कापडी पिशवीत बांधा. लिटरला 10 ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून केलेल्या द्रावणात आठेक तास बुडवा, अधूनमधून पिशवी वर-खाली करा. इतक्या अल्कात पृष्ठभागावर ऋणभार येतो, हायड्रॉक्साइड आपली जागा परत घेतं आणि फ्लोराइड सुटतं. मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. हे झालं की लोकांना वाटतं काम संपलं, आणि पिशवी तशीच फिल्टरमध्ये जाते. पण दाण्यावर अजून ऋणभारच आहे, तो फ्लोराइड धरणार कसा? त्यासाठी 0.4 नॉर्मल (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये पुन्हा तेवढाच वेळ ठेवा आणि नंतर बाहेर येणारं पाणी सामूला 7 च्या आसपास येईपर्यंत धूत राहा.

अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा घाला, पोरंबाळं लांब. ही द्रावणं प्रयोगशाळेतून बनवून घेतलेली बरी.

उरलेल्या कॉस्टिकच्या पाण्यात तुम्ही काढलेलं सगळं फ्लोराइड आहे. ते विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका. वेगळ्या ड्रममध्ये साठवून त्यात चुना कालवा, म्हणजे बरंचसं फ्लोराइड कॅल्शियमशी जोडून गाळ होऊन बसेल. तो गाळ कुठे टाकायचा हे फिल्टर बसवतानाच ठरवून घ्या.