दुसरीचा डान्स बघून स्वतःचा पीस कसा बसवायचा (कॉपी न मारता)

रात्री रेफरन्सचे व्हिडिओ बघायचे आणि सकाळी तेच हात आपल्या ग्रुपवर बसवायचे, हे सगळेच करतात, मीपण केलंय. चार मुली, चार खुर्च्या, केसांतून हात, शर्ट खांद्यावरून खाली आणि लगेच वर. पहिल्या रांगेतल्या एकीने अर्ध्या मिनिटात ओळखलं की हे बेल्जियन कोरिओग्राफर आन तेरेसा दे केर्समाकरचं १९८३ चं 'रोसास डान्स्ट रोसास' आहे, आणि ओळखणारच ना, मी काही लपवलंच नव्हतं. (२०११ मध्ये पॉप गायिका बियॉन्सेच्या एका व्हिडिओवरून याच पीसच्या कॉपीचा वाद झाला होता, म्हणजे मोठी माणसंपण यात अडकतात.) गंमत म्हणजे २०१३ मध्ये केर्समाकरनेच खुर्च्यांच्या त्या स्टेप शिकवणारे व्हिडिओ टाकले आणि सगळ्यांना सांगितलं, करा तुमचं व्हर्जन. तर शिकायचं असेल तर तिथून जरूर शिका, पण ते शिकणं झालं, तुमचा पीस नाही झाला.

मग करायचं काय? स्टेप सोडा, नियम शोधा. ज्यांचे व्हिडिओ आपण बघतो त्या बायकांच्या कामाखाली एखादा नियम असतोच, आणि तो बऱ्याचदा बघण्याबद्दल असतो, कोण बघतंय, कोण दाखवतंय, कोणाच्या मर्जीने.

अमेरिकन कोरिओग्राफर इव्हॉन रेनरचं 'ट्रिओ ए' घ्या, १९६६ चं. साधारण पाच मिनिटं, मध्ये थांबणं नाही, आणि नाचणारी प्रेक्षकांच्या नजरेला नजर देतच नाही, मान वळते, डोळे मिटतात पण समोर बघणं नाही. हा एवढाच नियम तुमच्या आत्ता बसवलेल्या कुठल्याही डान्सला लावा. आम्ही लावला तेव्हा पहिल्या दोन तालमी सगळ्यांचे चेहरे हरवल्यासारखे, कारण लहानपणापासून 'समोर बघ, हस' हेच ऐकलेलं, आणि हसायचं नाही म्हटल्यावर तोंडाचं करायचं काय हेच कळेना. तिसऱ्या दिवसापासून मात्र पाय जास्त नीट पडायला लागले.

आता हालचाली कुठून आणायच्या. वही घेऊन ब्रेकमध्ये बसा आणि नुसतं बघा. आमच्यातली एकजण वाकून उठली की प्रत्येक वेळी मागून टी-शर्ट खाली ओढते, पाणी प्यायला वाकली तरी ओढते, बुटाची लेस बांधली तरी ओढते, वीस मिनिटांत मी अकरा वेळा मोजलं आणि तिला विचारलं तर म्हणाली मी असं करतच नाही. हे सोनं आहे. कारण ते तिला कोणी बसवलेलं नाही, आणि बसवलेलंपण आहे.

अशी एक हालचाल मिळाली की ट्रिशा ब्राउनची (हीपण अमेरिकन कोरिओग्राफर) युक्ती लावा. १९७१ च्या 'अ‍ॅक्युम्युलेशन'मध्ये ती नुसते अंगठे फिरवत सुरू करते, मग एक हालचाल जोडते, परत पहिल्यापासून, मग तिसरी. एक, एक-दोन, एक-दोन-तीन. आम्ही टी-शर्ट ओढणं एक नंबरला ठेवलं, त्यामुळे काहीही नवीन जोडलं की आधी परत टी-शर्ट. सहाव्या हालचालीपर्यंत बघणाऱ्याला हसू येतं, बाराव्यापर्यंत ते जातं. म्युझिक आधी लावू नका हां, लावलं की सगळ्या बीटवर ओढायला लागतात आणि मग तो रील होतो.

वेगाचं शिकायचं तर चेन्नईची कोरिओग्राफर चंद्रलेखा. 'शरीर' (२००१) मध्ये गुंदेचा बंधूंचं ध्रुपद आणि हालचाल इतकी संथ की बघणाऱ्याला स्वतःचा श्वास जाणवतो. आठ काउंटची एक हालचाल चौसष्टमध्ये करून बघा. मांड्या थरथरतील. ते थरथरणं लपवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा कळली. जपानी कलाकार योको ओनोचं 'कट पीस' (१९६४) सगळ्यांना माहीत असतं, ती शांत बसते आणि प्रेक्षक येऊन कात्रीने तिचे कपडे कापतात. वाटतं आपणपण असं काहीतरी भारी करू. पण ओनो स्वतः बसली होती. कोरिओग्राफर दुसरीला बसवतो, आणि स्वतः लाइट बघत मागे उभा. त्यामुळे जे तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर करून दाखवणार नाही ते कोणाला सांगू नका, आणि नाही म्हणायची सोय पहिल्या तालमीतच ठेवा, शोच्या आदल्या दिवशी कोणी नाही म्हणू शकत नाही.

जर्मन कोरिओग्राफर पिना बाउश डान्सर्सना प्रश्न विचारायची आणि उत्तरांतून पीस बांधायची. तुम्हीपण विचारा, पण उत्तर ज्याचं त्याचं नाव प्रोग्रॅममध्ये टाका. आमच्याकडे आता दिग्दर्शनाखाली 'हालचाली' अशी वेगळी ओळ असते, त्यात पाचही जणींची नावं. टी-शर्टवालीचं पहिलं. ती अजूनही म्हणते मी असं करतच नाही.