माशांना लसूण-हळद चारताय? मग या चुका टाळा

इंदापूर-भिगवण पट्ट्यात ज्याच्याकडे कागद टाकलेलं शेततळं आहे, तो त्यात रोहू-कटला किंवा गिफ्ट चिलापी (तिलापियाची सुधारित जात) सोडून बघतोच. पहिल्या पावसानंतर मला फोन सुरू होतात: पोटाखाली लाल चट्टे दिसतायत, परांची टोकं झडलीत, दोन मासे फुगून वर आलेत. आणि लगेच प्रश्न, "लसूण किती घालू?"

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लाल चट्ट्यांमागे बहुतेक वेळा एरोमोनास हा जिवाणू असतो आणि तो तळ्यात कायमच असतो. मासा अशक्त झाला की हा जिवाणू डोकं वर काढतो. लसूण, हळद, तुळस, गुळवेल यांचं खरं काम माशाची प्रतिकारशक्ती वाढवण्याचं, आणि त्याला वेळ लागतो. शिवाय आजारी मासा खायचं सोडतो, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर, मासे टणक असतानाच सुरुवात करा. तीन-चार आठवडे द्या, मग खंड पाडा. वर्षभर रोज चारण्यात फायदा नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. पहिल्या वर्षी कडुलिंबाचा पाला वाटून अंदाजाने मूठ-मूठ खाद्यात कालवला. मासे गोळीजवळ यायचे, तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. चार दिवसांत तळाशी खाद्य कुजलं, पाण्याला वास सुटला. दोष पाल्याचा नव्हता, मी वजन केलं नव्हतं. जास्त कडुलिंब माशाला विषारीही ठरतो. आता तो मी वापरतच नाही.

हिशोब सोपा आहे. प्रत्येकी 200 ग्रॅमचे 1000 मासे म्हणजे 200 किलो. रोज वजनाच्या 3 टक्के धरलं तर 6 किलो खाद्य. किलोला 10 ग्रॅम लसूण घेतला तर एकूण 60 ग्रॅम, म्हणजे मूठभर पाकळ्या. वजनकाटा घ्याच.

लसूण शिजवू नका, उकळत्या पाण्यातही टाकू नका. ठेचल्यावर त्यात जे तिखट द्रव्य तयार होतं तेच कामाचं, आणि उष्णतेने ते जातं. ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग थोड्या तेलात कालवून गोळ्यांना चोळा. तेलाचा थर नसेल तर पाण्यात पडताच सगळं धुऊन जातं. हळदीलाही तेल हवंच, ती पाण्यात विरघळत नाही. अर्धा तास सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी संपवा. ओलसर गोळ्या पोत्यात राहिल्या की बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष माशाचं यकृत खराब करतं.

पाण्याकडे दुर्लक्ष करून वनौषधी चारणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. सूर्योदयाआधी तळ्यावर जाऊन बघा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी आहे. त्या दिवशी खाद्य बंद, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू.

जखम दिसली की ती जिवाणूचीच, असंही धरू नका. अंगावर चपट्या, हलणाऱ्या टिकल्या दिसल्या तर त्या माशाच्या उवा, त्यांचा इलाज वेगळा. थंडीत खोल व्रण पडले तर मूळ बुरशीचंही असू शकतं. दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पुडी तर टाकूच नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना खायच्या माशांत आपल्याकडे बंदी आहे.

मर वाढली तर नमुना तपासायला न्या, पण तरंगून कुजलेला मासा नेऊ नका, त्यात नंतर शिरलेले जिवाणूच सापडतात. जिवंत पण सुस्त, चट्टे असलेले तीन-चार मासे पिशवीत तळ्याच्याच पाण्यात घ्या. अंतर लांब असेल तर कोरड्या पिशवीत बांधून बर्फावर ठेवा, आणि त्याच दिवशी पोचवा.