स्वस्तातली गंजकी जिप्सी नाहीतर जुनी जीप घ्यायची का? आधी गाडीखाली घुसून बघा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की आपल्याकडे जुन्या जीपा-जिप्सींचे फोटो फिरायला लागतात. कुठं ताडोबाकडं सफारीत धावून निघालेली मारुतीची जिप्सी, कुठं कोणाच्या वाड्यात निंबाखाली कितीतरी पावसाळे उभी असलेली महिंद्राची एमएम ५४० जीप, आणि किंमत अशी सांगतात की वाटतं एवढ्यात तर धड बाईक पण येत नाही. मला ह्या गाड्या मनापासून आवडतात आणि म्हणूनच सांगतो, गंज किती आहे ते नंतर बघा, आधी कुठं आहे ते बघा. दरवाजाला, बोनेटला, मागच्या टबाच्या कडेला गंज असेल तर ते नुसतं पैशाचं काम आहे, पत्रा कापून नवा लावणारा डेंटर तालुक्याच्या गावात भेटतोच. पण चेसिस, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर बसते ती खालची लोखंडी फ्रेम, गंजानं खाल्लेली असेल तर ती गाडी फुकट भेटली तरी सोडा.

त्याच्याही आधी गाडी कशासाठी पाहिजे ते ठरवा. शेतात जायला फोर बाय फोर पाहिजे असं बरेच जण म्हणतात, पण भर पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या रानात जिप्सी पण फसते आणि जीप पण. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, टायर गुळगुळीत होतं, मग चारही चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पांदण रस्त्यावर मुरूम पडला असेल तर गोष्ट वेगळी. मेळघाटातले दगडी चढ, गडचिरोलीकडचे जंगलातले रस्ते, वरुड-मोर्शीकडं डोंगराच्या पायथ्याची संत्र्याची वाडी, असं काही असेल तर ह्या गाडीला तोड नाही. नुसतं खताची पोती धुऱ्यापर्यंत न्यायची असतील तर तेच पैसे दुसरीकडं लावा.

गाडी कोणती त्यावर पण बरंच आहे. जिप्सी १९८५ ला आली, सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन, १९९६ ला १३०० सीसीची किंग आली आणि नंतर त्याच्यात एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं इंजिन. पेट्रोल पिते, पण हलकी आहे आणि पार्ट मिळतात. एमएम ५४० ला २११२ सीसीचं प्युजो कंपनीचं डिझेल इंजिन, जड गाडी, हळू चालणार. महिंद्राच्याच मेजर, कमांडर ह्यात टू व्हील ड्राइव्हच्या गाड्या भरपूर आहेत आणि विकणारा बिनधास्त फोर बाय फोर सांगून मोकळा होतो, म्हणून खाली वाकून पुढच्या ॲक्सलला डिफरन्शिअल (तो फुगीर गोळा) आहे का आणि त्याच्याकडं प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडं जोर नेणारा लांब दांडा) जातो का ते डोळ्यांनी बघा. आत गिअरच्या बाजूला दुसरा दांडा दिसला एवढ्यावर जाऊ नका. सफारीतल्या गाडीचं किलोमीटर बघून काही कळत नाही, ती दिवसभर धुळीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चाललेली असते, क्लच, बुश आणि पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हाल बघा.

आता मुख्य काम. टॉर्च, मोठा स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि अंगाखाली टाकायला पोतं घेऊन जा. चुंबक बॉडीवर फिरवा, जिथं पकडत नाही तिथं पुट्टी भरलेली आहे. मग पोतं टाकून खाली घुसा. खाली सगळीकडं ताजा काळा रंग मारलेला असेल तर खुश होऊ नका, जास्त सावध व्हा. चेसिसवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडी मारत जा, चांगल्या लोखंडाचा टणटण आवाज येतो आणि खाल्लेल्या जागी आवाज बसका होतो, तिथं थांबून स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. नुसती तांबडी पावडर आली आणि खाली लोखंड घट्ट असेल तर तो वरवरचा गंज, घासून प्रायमर मारला की झालं. पण पापडासारखे पदर सुटून हातात आले नाहीतर टोक आत गेलं, तर गाडी तिथंच संपली.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या चाकाच्या पुढं-मागं द्या, जिथं पाट्यांचे हँगर चेसिसला बसतात. चाकानं उडवलेला चिखल तिथंच जाऊन बसतो, काळी माती ओल धरून ठेवते, पावसाळ्यात लागलेला गोळा काढला नाही तर लोखंडाला हवा लागतच नाही. दर्यापूरकडची एक जीप पाहिली होती, वरून रंग चकाचक, सीट नवीन, आणि मागचा डावा हँगर बोटानं दाबला तर माती आणि गंज बरोबरच खाली पडला, आत पोकळ. मालक म्हणे, "काईच काम नाई भाऊ, बसा आन् चालवा." त्या बाजूला खारपाणपट्ट्यात गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतात, गाडी स्वच्छ दिसते पण मीठ सांध्यात राहतं. टबातून युरिया-डीएपी वाहिलेला असेल तर तेच, फुटलेल्या पोत्यातला दाणा कोपऱ्यात ओलावा धरतो आणि पत्रा खातो, म्हणून रबरी मॅट उचलूनच बघा. चेसिसच्या खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं असतात, त्यात बोट घाला. वाळलेली माती ठासून भरली असेल तर ती चेसिस आतून सडायला लागलेली असू शकते, बाहेरून कितीही चांगली दिसो. स्टेअरिंग बॉक्स जिथं बसतो ती जागा आणि बॅटरीच्या खालचा भाग पण सोडू नका. कुठं जाड पट्टी वेल्डिंग केलेली दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना टोचून बघा, कारण सडक्या लोखंडाला लावलेली पट्टी कडेनंच सुटते.

इंजिनसाठी सकाळी सकाळी जा आणि बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवलेली आहे, दुसऱ्या दिवशी न सांगता जा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, भकाभका धूर वर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टनच्या कडेनं गॅस खाली गळतोय, म्हणजे इंजिनचं काम निघालं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, पाण्यावर तेलाचा तवंग नको. इंजिनला मी एवढा घाबरत नाही, बांधता येतं.

फोर व्हील डांबरी रस्त्यावर टाकून वळवून बघू नका, सगळं जाम होतं आणि गिअर-शाफ्टवर जोर येतो. मोकळ्या वावरात नाहीतर नाल्याच्या रेतीत न्या, पुढच्या चाकांचे हब लॉक करा, ४एल (फोर व्हीलचा हळू, जोराचा गिअर) टाका, हळू चालवा. पुढची चाकं ओढतात का, दांडा आपोआप सुटतो का, कडकड आवाज येतो का तेवढं बघा. ५०-६० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरलं तर किंगपिन बेअरिंग, टाय रॉड तपासून घ्या, ते काम होण्यासारखं आहे.

मग कागद, आणि इथं पण चेसिससारखंच आहे, कागद सडके असतील तर गाडी सोडायची. आरसीवरचा चेसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर एक एक आकडा जुळवा. गंजानं नंबर खाल्ला असेल किंवा तिथं ग्राइंडर फिरलेला दिसला तर हात पण लावू नका. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर चढलेलं पाहिजे, जिप्सीत डिझेल इंजिन टाकून फिरवणारे खूप आहेत. एमपरिवहन ॲपवर फिटनेसची तारीख, बँकेचा बोजा, चलान सगळं दिसतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू. हलक्या मोटारीला ही फी २०२२ पासून ५००० आहे आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये १०००० केलीय, वरून पर्यावरण कर आणि उशीर झाला असेल तर दंड वेगळा. टुरिस्टमध्ये (भाड्याची म्हणून) पासिंग असलेली गाडी खासगी करायची तर ते काम वेगळं. छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादकडची गाडी स्वस्त पडते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की फरक उरत नाही.

किंमत बोलायच्या आधी आपला मिस्त्री सोबत नेऊन एका कागदावर मांडा, पत्राकाम, टायर, ब्रेक, वायरिंग, इन्शुरन्स, आरटीओ, आणि त्यात चौथा हिस्सा वाढवून धरा, कारण पत्रा कापल्यावर आतून अजून निघतंच. ती बेरीज आणि गाडीची किंमत मिळून त्याच मॉडेलची चांगल्या हालतीतली गाडी येत असेल तर ती चांगली गाडीच घ्या. टोकन दिलं तरी पूर्ण पैसे गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्याशिवाय द्यायचे नाहीत, बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र पण पाहिजे. मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग व्यवहार. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळ पण लिहून घ्या, आणि ३० दिवसांच्या आत ट्रान्सफरचा अर्ज टाकून द्या.