कलमा पढला, आता पोळ्याला काय करू?

मी कलमा पढलो, म्हणजे मुसलमान झालो, ते 2017 साली, बावीस वर्षांचा असताना. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, मुसलमानांची अकरा घरं, पत्र्याची मशीद. मोटार रिवाइंडिंग ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद तिथलेच. आता माझं स्वतःचं दुकान आहे. अधूनमधून एखादा पोरगा येऊन बाकावर बसतो. त्याची मोटार जळालेली नसते. त्यालाही मुसलमान व्हायचं असतं, त्याबद्दल बोलायचं असतं. त्याला जे सांगतो तेच इथं लिहितो.

पहिला प्रश्न मीच विचारतो, लग्नासाठी का? तसं असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. नोटीस द्या, 30 दिवस थांबा, दोघांनीही आपापला धर्म ठेवून लग्न करा. बाकी धर्म बदलणं ही आपल्या विदर्भाला काही अनोळखी गोष्ट नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फरक एवढाच की तेव्हा माणसांच्या सोबतीला लाखो माणसं होती. तू बहुतेक एकटा असशील, आणि संध्याकाळी जेवायला त्याच घरी जाशील.

माझी मोठी चूक त्याच घरात झाली. कलमा पढून चारेक महिने झाले असतील, पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. बाबा गरम तूप-हळद घेऊन बसलेले, पळसाची पानं बाजूला. मला म्हणाले, ढवळ्याचा खांदा शेक. मी म्हटलं, "मी नाही हात लावणार, हे शिर्क आहे." शिर्क म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला भागीदार मानणं. कुठून तरी ऐकलेला शब्द, तेव्हा अर्थ अर्धाच माहीत. बाबा एवढंच म्हणाले, "बैलाले कोणता धर्म हाय बे?" आणि दोन्ही बैलांचे खांदे एकट्यानं शेकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे बैलांना दरवर्षी आम्ही दोघं मिळून म्हणायचो. त्या दिवशी ते एकटेच पुटपुटले. मी ओसरीत फोन बघत बसलो होतो.

शुक्रवारी मशिदीत कुरआन शिकवणाऱ्या हाफिजजींना ऐटीत सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी कपाळाला हात लावला. कुरआनातल्या सूरह लुकमानची 15 वी आयत वाचून दाखवली: आईबाप अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला भागीदार कर म्हणून जोर करत असतील तर ते ऐकू नको, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वाग. मग म्हणाले, "आरती मत उतार. लेकिन दिनभर जुता हुआ जानवर है, उसका कंधा सेकने को किसने मना किया?" पुढच्या वर्षापासून खांदे मी शेकतो. आरतीच्या वेळी गोठ्याबाहेर उभा राहतो. कुणी काही म्हणत नाही.

शिकण्याचं म्हणशील तर आधी नमाज. पाच वेळांच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजाच्या फेऱ्या) 17: फज्र 2, जोहर 4, असर 4, मगरिब 3, इशा 4. सुरुवातीला एवढ्याच सांभाळ, बाकी हळूहळू येतं. फातिहा, म्हणजे कुरआनची पहिली सूरह, सातच आयतींची आहे, पण नागरीत छापलेल्या पुस्तकावरून पाठ करू नको. मी केली होती. अरबीत दोन वेगळे 'क' आहेत. घशातून काढलेल्या 'क'नं 'कल्ब' म्हटलं तर हृदय, आणि आपल्या साध्या 'क'नं म्हटलं तर कुत्रा. नागरीत दोन्ही सारखेच दिसतात. हाफिजजींनी मला मदरशातल्या सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसवलं. पोरं हसायची, पण उच्चार त्यांनीच सुधारला. वावरात असलास तर दुपट्टा अंथर आणि पश्चिमेकडे, जरासा उत्तरेला कलून उभा राहा. फवारणीचे हात मात्र आधी साबणानं धू.

कोणी विचारत नाही म्हणून सांगतो: खतना, म्हणजे सुंता. ती झाली नाही म्हणून तुझं मुसलमानपण अडत नाही. करायची तर सर्जनकडे, सवडीनं, फवारणी-वेचणीचे दिवस सोडून. दाढी, टोपी, सुरमा यांचीही घाई नको. आणि घरोघरी फिरून नमाजाला बोलावणारे तबलीगवाले बरोबर की पीरांना मानणारे दर्ग्यावाले, या भांडणात पहिली दोन वर्षं तरी पडू नको. दोन्हीकडचे तुला ओढतील, कारण नवा माणूस म्हणजे दोघांनाही आपली जीत वाटते.

कागदांचं जरा नीट ऐक. नाव बदललंच पाहिजे असं धर्मात नाही. माझं शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, आधारवर जुनंच आहे. तू अनुसूचित जातीचा असशील तर हे माहीत असू दे की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, मुसलमान झाल्यावर राहत नाही. आदिवासींना धर्माची अशी अट नाही. धर्म बदलला म्हणून बापाच्या वावरातला तुझा वारसा जात नाही. पण त्यानंतर जन्मलेल्या तुझ्या लेकरांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 26 तेच सांगतं. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यात वेगळे असतात, बदलतातही. कुठंही सही करण्याआधी तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलाला गाठ.

राहिला रमजान. माझा पहिला लागला मेच्या शेवटी, साडेचौदा तासांचा रोजा, आणि वावरात धसकटं वेचायचं काम. चौथ्या दिवशी बांधावर गरगरून पडलो. तोंडाला पाणी लावू देईना, तेव्हा उस्तादच ओरडले की आजाऱ्याला सूट कुरआननंच दिली आहे, नंतर भरून काढ. त्या महिन्यात माझे सहा रोजे सुटले. ते मी डिसेंबरात धरले. दिवस लहान, ऊन कोवळं, तहानही लागत नाही. तूही सुटलेले तेव्हाच धर.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला चुलीजवळ शिळी भाकर शोधत होतो. माय उठली.

"आता त तुह्या तो महिना नाई न?"

"उधारी राहिली होती, ते फेडून राहिलो."

"मंग फेड बाप्पा," म्हणाली आणि तवा ठेवला. "उधारी ठेवू नये कोनाची."